चिमट्याचा कंदील
पावसाळ्यात कोकणात वीज गेली की आई कंदिलाची काच राखेने लख्ख पुसायची. आता तिच्या पदराजवळ चिमट्याचा चार्जिंगचा छोटा कंदील असतो. तो घेताना आधी चिमटा तपासा. स्प्रिंग घट्ट आणि पकडीला रबर हवं, म्हणजे भाकरी थापताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि कंदील खिडकीच्या गजाला चिकटून बसतो. वाचायला जवळून शंभरेक ल्युमेन पुरतात. २७०० केल्व्हिनचा पिवळसर उजेड डोळ्यांना सुखावतो. खोक्यावरचे तास बहुधा सर्वांत मंद उजेडाचे असतात, म्हणून पूर्ण उजेडावर किती टिकतो ते घरी घड्याळ लावून पाहाच. ‘आयपीएक्स४’ म्हणजे शिंतोडे चालतील, बुडवणं नाही. मोबाइलचीच सी-टाइप केबल चालत असेल तर उत्तम. पावसाळा सरल्यावर मात्र तो रिकामा पडू देऊ नका. लिथियमची बॅटरी अर्धी भरलेली ठेवली की जास्त वर्षं टिकते. रात्री परसात जाताना पायाखालचा विंचूकाटा दिसायलाच हवा. तेवढा भरवसा देणारा कंदील प्रत्येक घरात दाराशी अडकवलेला असावा.