आधी व्हिडिओ तर लागू दे!

परवा शनिवारी पेणला मामाकडे गेलो होतो. मामाचा गणपतीचा कारखाना. गेल्या वर्षी त्याला माझा जुना डेस्कटॉप फेडोरा टाकून दिला होता, वर "मामा, फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही" असं भाषणही ठोकलं होतं. यावेळी बघतो तर मशीनवर चोरीची विंडोज!

"अरे, डोळ्यांच्या आखणीचा व्हिडिओ मोबाइलवरून घेतला, तर नुसता आवाज, चित्रच नाही. रोह्याहून मामीचा भाऊ आला होता, त्याने तासाभरात हे टाकून दिलं."

चूक माझीच. एमपी४ म्हणजे नुसता डबा, आत भाजी कुठली ते वेगळंच. मामाचा फोन एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो आणि पेटंटच्या भानगडीमुळे फेडोरा त्याचा डिकोडर देतच नाही. प्रोजेक्टमागे अमेरिकन कंपनी, तिला तिथल्या कोर्टाची धास्ती. ठीक आहे. पण ती धास्ती पेणच्या कारखान्यात कशाला? आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ सॉफ्टवेअरला पेटंट नाकारतं. (त्या 'निव्वळ'वर कोर्टात कीस पडतो, ते सोडा.) एमपी३चं आठवतं ना? वर्षानुवर्षं फेडोरावर गाणं वाजवायला खटपट करावी लागायची. २०१७ पर्यंत पेटंटची मुदत संपली आणि तोच फॉरमॅट एकदम शुद्ध झाला! सोवळं म्हणतात ते हेच.

आमचे शुद्धतावादी मित्र सांगतात, एव्ही१ वापरा, तो खुला आहे. अरे, फोन कशात रेकॉर्ड करतो ते मामा ठरवतो का? दुसरे पंधरा प्लेअरची यादी तोंडावर फेकतात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात. मामाला एकच हवाय, चालणारा. फ्लॅटहबवरून व्हीएलसी टाकलं असतं तर काम झालं असतं, ते आपले कोडेक बरोबर घेऊन येतं. पाच मिनिटांचं काम, मी आळस केला. (२०२२ मध्ये याच व्हीएलसीची साइट भारतात काही महिने ब्लॉक होती, तेव्हा मात्र आपण सगळे केवढे तावातावाने बोललो!)

मंडळी, दुसऱ्याला लिनक्स टाकून देणार असाल तर त्याच्याच फोनमधला व्हिडिओ लावून बघा, मगच उठा. नाही जमत? मग देऊ नका. चोरीच्या विंडोजला गिऱ्हाईक आपणच मिळवून देतो.

मशीन परत लिनक्सवर आणतो म्हटलं, तर मामा म्हणाला, "आता नको, गणपती झाल्यावर बघू."