गल्लीला डॉक्टर हवा आहे

रायपूरच्या मराठी मंडळींनो,

थेट मुद्द्यावर येतो. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांत सकाळ-संध्याकाळ दवाखाना उघडून बसणारे डॉक्टर थकले, आणि त्यांच्या खुर्चीत बसायला कोणी आले नाही. नवे डॉक्टर झाले, पण कुणी गुडघ्याचे, कुणी किडनीचे. नुसता ताप आलेल्याने जायचे कुठे?

रक्तदाबाची गोळी बदलून घ्यायला सत्तरीच्या आजी पहाटे ऑटो करून टाटीबंधला एम्सच्या रांगेत उभ्या राहतात. हातातल्या पिशवीत चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. त्यांतल्या दोन गोळ्या एकच, कंपनीची नावे तेवढी वेगळी. आजी दोन्ही घेतात. हे ओळखायला सुपरस्पेशालिस्ट लागत नाही, सगळे कागद एकदा समोर मांडून बघणारा माणूस लागतो.

मेडिकल कॉलेजचे मेकाहारा इस्पितळ काय, २०१२ मध्ये सुरू झालेले एम्स काय, दोन्हींवर अख्ख्या छत्तीसगडचा भार आहे. शेजारच्या ओडिशातूनही रुग्ण येतात. आपण सर्दी-खोकला घेऊन तिथे गेलो, की बस्तरहून रात्रभर प्रवास करून आलेल्याची पाळी लांबते. आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर चालते, गल्लीतल्या डॉक्टरची फी मात्र खिशातून द्यावी लागते. मग दवाखाने ओस पडून इस्पितळे वाढली, तर नवल ते काय! खेड्यांसाठी राज्याने २००१ मध्ये तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि तो काही वर्षांतच बंद पडला. पण त्यातून शिकलेली मुले आजही ग्रामीण आरोग्य केंद्रांत काम करताहेत. शहराची चिंता तेव्हा कोणी केली नाही, कारण इथे डॉक्टरांच्या पाट्या पुष्कळ दिसतात.

गल्लीतला डॉक्टर साथीतही लागतो. २०१८ मध्ये शहरातल्या मोवा आणि नहरपाऱ्यात कावीळ पसरली, २०२० मध्ये टाळेबंदीतही शहरात साथ आली. नाल्यांतून गेलेल्या फुटक्या पाइपांचे पाणी लोक पीत होते. एकाच गल्लीतले पिवळ्या डोळ्यांचे तिघे एकाच डॉक्टरने पाहिले, तर तो त्याच दिवशी आरडाओरडा करील. तेच तिघे तीन इस्पितळांत गेले, तर ती नुसती तीन केसपेपरांची नोंद होते.

निवृत्त डॉक्टर मंडळी, संध्याकाळचे दोन तास द्या. ज्यांची रस्त्याकडेची खोली रिकामी आहे, त्यांनी ती नाममात्र भाड्याने दवाखान्याला द्यावी. २०१० च्या राज्य कायद्याप्रमाणे छोट्या दवाखान्यालाही परवाना लागतो; आपल्यातल्या वकिलांनी आणि सीएंनी ती कागदपत्रे करून द्यावीत. बाकीच्यांनी जवळचा एक डॉक्टर किंवा सरकारी ‘हमर क्लिनिक’ धरावे, घरातल्या प्रत्येकाची एकच फाइल ठेवावी आणि फीसाठी घासाघीस करू नये. एमआरआयचे हजारो रुपये आपण मुकाट मोजतोच की! हमर क्लिनिकात डॉक्टर नसेल, तर पार्षदाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

महाराष्ट्र मंडळ १९३५ चे आहे, संस्था उभी करणे आपल्याला नवीन नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यायला लावा, आणि बैठकीला येताना कोण किती तास देणार आणि कोण खोली देणार, हे घरी ठरवूनच या.