सगळ्या सरकारी शाळा सारख्या नसतात



नातवंडांच्या शाळेचा विषय निघाला की आपल्याला दहा शाळांची फी आणि बसचे मार्ग तोंडपाठ असतात. पण घरी कामाला येणाऱ्या मावशींनी विचारलं, "ताई, पोरगीला सहावीला कुठं घालू?" तर आपण म्हणतो, "सरकारी शाळा काय, सगळ्या सारख्याच." मला हे अजिबात पटत नाही. डाळ घेताना आपण चार दुकानं फिरतो, मग शाळा न बघताच एका मापाने का मोजायची?

आमच्या सांगली-मिरजेसारख्या भागात तिच्यापुढे साधारण तीन वाटा असतात: महापालिकेची शाळा, जवळच्या खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा आणि अनुदानित हायस्कूल. मी कॉमर्सची, त्यामुळे वहीत रकाने आखल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पहिला रकाना शिक्षकांचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (२००९) सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक हवा. "गणित कोण शिकवतं?" एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. रंगवलेल्या भिंतींवरून ते कळत नाही.

दुसरा, शाळा कितवीपर्यंत आहे? सातवीला संपत असेल तर आठवीला पुन्हा दाखला, नवीन रस्ता, नवीन मैत्रिणी. शाळा लांब पडली की "आता पुरे" म्हणणारं कुणीतरी घरात असतंच, आणि मुलगी घरी बसते. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

तिसरा, स्वच्छतागृह. मुलींचं वेगळं आहे का, कडी लागते का, नळाला पाणी आहे का, हे आत जाऊन बघायचं. या वयात पाळी सुरू होते. आपण बायकांनी हे नाही बघायचं तर कुणी?

चौथा, परीक्षा. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं उत्पन्न मर्यादेत असेल आणि मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० मिळतात. ही सोय सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच आहे. ज्या शाळेत शिक्षक या परीक्षेची तयारी करून घेतात, तिला माझ्या वहीत जास्त गुण.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, जन्म कुंभोजचा. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या सगळ्या जातींच्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्याला दागिने मोडायला कुणी सांगत नाही. शाळा चालू असताना एक दुपार काढून मावशींबरोबर दोन-तीन शाळा बघून यायचं. आपण बरोबर असलो की त्यांनाही हेडबाईंना प्रश्न विचारायचा धीर येतो.

आणि हो, आपल्या मंडळाकडून शाळेला काही द्यायचं असेल, तर कमानीवर नाव घालण्याआधी नळाला पाणी येतं का ते विचारा.