एकच औषध, निराळा गुण

गेल्या पौषांत आमच्या आळींतील एका सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचें निश्चित झालें. कसारा घाट उतरून त्याला परळच्या टाटा रुग्णालयांत नेलें. इगतपुरीचीच एक मुलगी पूर्वीं तेथून बरी होऊन आली होती. त्यामुळें सर्वांस धीर होता. परंतु महिन्याभरानें डॉक्टरांनीं औषधें अधिक तीव्र करण्याचें ठरविलें. तें ऐकतांच मीं विचारलें, "पथ्यांत कांहीं चुकलें काय?" मुलाच्या आईनें मान खालीं घातली.

तो प्रश्न माझ्या अज्ञानाचा होता, हें मागाहून वाचनानें उमगलें.

डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे मूळचे आंध्रांतील भीमवरमचे. अमेरिकेंत त्यांच्या हाताखालीं तयार झालेलें अॅमिनोप्टेरिन हें औषध बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं १६ आजारी मुलांना दिलें व १९४८ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. १० मुलांस कांहीं काळ उतार पडला. उरलेल्या सहांस तसा गुण आला नाहीं. औषध तर एकच होतें!

कारण असें कीं, रोगाचें नांव एक असलें तरी रोग्यारोग्यांच्या रोगट पेशी सारख्या नसतात. कांहीं पेशी औषध आंत घेऊन धरून ठेवतात, कांहीं तें बाहेर लोटतात. तर कांहींच्या गुणसूत्रांतच असा बदल झालेला असतो कीं, नेहमींच्या औषधांस त्या दाद देत नाहींत. म्हणून मुलांत बहुधा आढळणाऱ्या प्रकारांत पहिल्या महिन्याच्या सुमारास हाडांतील मज्जा तपासतात. दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली असली तरी ती या परीक्षेंत सांपडूं शकते, आणि त्यावरून पुढील उपचार ठरतात. तेव्हां औषध वाढविलें म्हणजे आशा संपली, असें नव्हे.

वडीलधाऱ्यांस दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. स्वच्छता व पथ्य हवेंच, पण पेशींचा स्वभाव आईच्या हातीं नसतो. तिला बोल लावूं नका. आणि मूल हिंडूंफिरूं लागलें म्हणून दोन-अडीच वर्षांचा उपचार मध्येंच सोडूं नका. दडलेल्या पेशी पुन्हां डोकें वर काढतात.

वर्गांत एखाद्याला धडा एका वाचनांत समजला नाहीं, तर मी तो निराळ्या रीतीनें पुन्हां सांगत असें. त्याच्या आईस जाब विचारीत नसें. येथें मात्र तें विसरलों. त्या माउलीची मीं क्षमा मागितली आहे.