बर्फ कारखान्याच्या दुरुस्तीत गॅस्केट विसरू नका

बडोद्याहून, नागरवाड्यातून लिहितोय. इथल्या कारखान्यांत पाइप फिटरचं काम करतो. आपल्या पेजवर बर्फ कारखान्याच्या दुरुस्तीची चर्चा वाचली आणि राहवलं नाही.

कॉम्प्रेसर, मोटार, बर्फाचे डबे, सगळ्यांवर बोलणं झालं. दोन फ्लँजच्या मध्ये बसणाऱ्या गॅस्केटचं नाव कोणी काढलं नाही. आपल्याकडे फिटर शीट फ्लँजवर ठेवतो, कडेने हातोडी ठोकतो, झालं गॅस्केट! पाण्याच्या लाइनला चालून जाईल. पण कॉम्प्रेसरमधून सुटणारा अमोनिया दाबाखाली असतो, तापमान शंभर अंशांच्याही वर जातं. लाइट गेली की पाइप थंड, आली की परत गरम. लोखंड फुगतं-आकसतं, बोल्ट ढिले पडतात, आणि वाळून कडक झालेली शीट ती फट भरत नाही.

अशा गरम लाइनला स्पायरल वाउंड गॅस्केट घाला, असं माझं मत. स्टेनलेस स्टीलची दुमडलेली पातळ पट्टी आणि ग्राफाइट, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं एकावर एक गुंडाळलेलं. आवळलं की दबतं, बोल्ट जरा सैल झाला तर थोडं परत उसळतं. बाहेरच्या रिंगची कड पिवळी असेल तर ३०४ स्टील, हिरवी असेल तर ३१६. राखाडी पट्टे म्हणजे ग्राफाइट. एकदा उघडलं की ते बाद. "अजून चांगलं दिसतंय" म्हणत तेच परत बसवणारे मी पाहिलेत.

सगळीकडे हेच घाला असं मात्र नाही. त्याला बोल्टचा जोर भरपूर लागतो, जुन्या पातळ फ्लँजला तो सोसत नाही. खाचेच्या फ्लँजला माप वेगळं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. आणि कोणी तांब्या-पितळेची चकती सुचवली तर सरळ नाही म्हणा, अमोनिया तांबं खातो.

शीटपेक्षा महाग पडतं, कबूल. पण अमोनिया सुटला की आधी डोळे आणि छाती धरतो, आणि आत बर्फ काढणारी पोरं आपल्याच घरची.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, बर्फाला मागणी नसते, हे काम तेव्हाच उरका. कोटेशनमध्ये नुसतं "गॅस्केट, एकरकमी" लिहून आलं तर कमिटीने ते परत पाठवावं. प्रत्येक फ्लँजचं माप, कोणतं स्टील, आत काय भरलंय, लेखी मागा. मापं फोटोसकट इथे टाकलीत तर मी बघून सांगेन.