वगारीच्या पोटातील पाला

चैत्र-वैशाखात खानापूरकडील खेड्यांतून गोठे पाहत हिंडावे, तर एक देखावा वारंवार नजरेस पडतो. दुभत्या म्हशीपुढे पेंड, भुसा आणि मिळेल तेवढी ओली वैरण. मागच्या खुंट्यावरील वगारीपुढे मात्र नुसता भाताचा पेंढा. ती आज दूध देत नाही, म्हणून तिची पाळी शेवटी! परंतु वगार माजावर येते ती वयापेक्षा अंगाने भरल्यावर. नीट पोसलेली वगार तीन-साडेतीन वर्षांत विते. अर्धपोटी वाढलेलीस चार-पाच वर्षेही लागतात. मधल्या काळातील बुडालेले दूध कोणाच्याच हिशेबाच्या वहीत उमटत नाही.

यावर झाडपाल्याचा उपाय जुनाच आहे. मात्र हिरवा दिसणारा प्रत्येक पाला अंगी लागतोच असे नाही.

पेंढा पचवावयाचे काम म्हैस स्वतः करीत नाही. तिच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात, ते करतात. या जंतूंना पोसण्यास चाऱ्यात शेकडा सुमारे ७ भाग प्रथिने लागतात. भाताच्या पेंढ्यात ती शेकडा ३-४ असतात. जंतूच उपाशी, मग पेंढा पचावा कसा? शेवरी, हादगा, सुबाभूळ यांच्या वाळल्या पाल्यात प्रथिने शेकडा २० किंवा त्याहूनही अधिक असतात. असा थोडा पाला पेंढ्याच्या जोडीस दिला, की पाला तर पचतोच, शिवाय पेंढाही अधिक पचतो. खरा लाभ येथे आहे.

बाभळीच्या पाल्यातही प्रथिने पुष्कळ असतात. परंतु ज्या तुरट द्रव्यामुळे तिच्या सालीने कातडे कमावता येते, तेच द्रव्य पाल्यातही असते. ते प्रथिनांस घट्ट बिलगते, आणि प्रथिनांचा मोठा भाग शेणावाटे बाहेर पडतो. पृथक्करणाच्या कागदावर उत्तम, वगारीच्या अंगावर शून्य! थोडी बाभूळ बाधत नाही. तिच्यावरच भर देणे चूक. शेवरीत हा दोष फार कमी, म्हणून माझी पहिली पसंती तिलाच. पानमळ्यांतून वेलांच्या आधाराला ती लावीत आले आहेत. तीच आपल्या बांधावर लावण्यास काय हरकत आहे?

सुबाभळीविषयी मात्र सावध असावे. तिच्यात मिमोसीन नावाचे विष असते. अति झाल्यास केस गळतात, गळ्याची ग्रंथी सुजते, वाढ खुंटते. हवाई बेटांवरील शेळ्यांना मात्र सुबाभूळ बाधत नसे. त्यांच्या कोठीपोटात या विषाचा नाश करणारे जंतू आहेत, असे ऑस्ट्रेलियातील रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने दाखविले, आणि १९८० नंतरच्या दशकात ते जंतू ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडण्यात आले. आपल्या गोठ्यातील जनावरांत ते असतील या भरवशावर राहू नये. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवावी, आणि हळूहळू वाढवीत न्यावी.

दीडशे किलोची वगार दिवसाकाठी कोरड्या हिशेबाने सुमारे ४ किलो चारा खाते. त्यातला चौथा हिस्सा पाल्याचा धरला, तर ओला पाला साधारण ४ किलो, म्हणजे एक बेताचा भारा होतो. तो सकाळ-संध्याकाळ विभागून, पेंढ्यात मिसळून द्यावा. नुसता टाकल्यास ती पाला निवडून खाते आणि पेंढा तसाच राहतो. तीन महिन्यांच्या आतील रेडकास मात्र पाल्यावर सोडू नये. त्याचे कोठीपोट अजून तयार झालेले नसते, त्याला दूधच हवे.

पचनाची परीक्षा घरीही होते. मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याने धुवावे. पेंढ्याच्या लांब काड्या तशाच उरल्या, तर जंतूंचे पोट भरत नाही असे समजावे. पाला सुरू केल्यावर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा धुऊन पाहावे, आणि वगारीच्या छातीचा घेर दर महिन्यास दोरीने मापून गाठ मारून ठेवावी.