दिल्याने वाढणारे धन

वऱ्हाडच्या काळ्या भूमीत पिकणारा कापूस अमरावती-अकोल्याच्या बाजारांतून दूरदेशी जातो. एकदा तो विकला, की शेतकऱ्याच्या कोठारात उरत नाही. ज्ञानाची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्ञान दुसऱ्यास दिले, तरी देणाऱ्याचे कोठार रिते होत नाही. उलट ते अधिकच भरते. हृदयरोगावरील उपचारांचा इतिहास याची साक्ष देतो.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत मेदाचा थर साचला, म्हणजे तिचा मार्ग अरुंद होतो; आणि तेथे रक्ताची गुठळी झाली, की हृदयाचा तो भाग मरू लागतो. छाती न उघडता ही रोहिणी मोकळी करण्याचा ध्यास डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग या जर्मन डॉक्टरांनी घेतला. झुरिच येथे आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी बारीक नळीच्या टोकाशी चिमुकला फुगा बसविण्याचे प्रयोग केले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ती नळी एका रुग्णाच्या हृदयरोहिणीपर्यंत नेली आणि फुगा फुगवून अरुंद मार्ग रुंद केला.

ही विद्या त्यांनी लपवून ठेवली नाही. देशोदेशींचे डॉक्टर त्यांच्याकडे येत आणि चालू असलेला उपचार दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहत. १९७९ मध्ये पहिल्या ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यात ३२ जणांच्या बाबतीत यश आले होते. उरलेल्या १८ जणांच्या बाबतीतले अपयशही झाकलेले नव्हते. आपले अपयश जगापुढे मांडण्यास मोठे धैर्य लागते. परंतु त्यामुळेच एकाची अडचण दुसऱ्यास सावध करते. पुढे १९८६ मध्ये मद्रास येथे डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल यांनी हा उपचार भारतात प्रथम केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रोहिणी उघडी ठेवणारी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, माणसाच्या हृदयरोहिणीत प्रथम बसविली गेली. आज अमरावतीत आणि अकोल्यातही हे उपचार होतात.

तथापि, एवढ्याने समाधान मानणे योग्य नव्हे. सातासमुद्रापलीकडून ज्ञान अमरावतीस आले. पण मेळघाटातील धारणीहून अमरावतीस येण्यास रुग्णाला शंभर किलोमीटरहून अधिक वाट कापावी लागते आणि हृदयविकाराच्या झटक्यात घटकाघटकेला हृदयाची हानी वाढत असते. २०१७ मध्ये शासनाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, हे उचितच झाले. त्याचबरोबर जवळच्या आरोग्य केंद्रात हृदयाचा आलेख निघाला, तो शहरातील तज्ज्ञाने तत्काळ पाहिला आणि गुठळी विरघळविणारे औषध वेळेवर मिळाले, तर अनेकांचे प्राण वाचतील. छातीत कळ आली असता ती अंगावर काढू नये, हे घरोघरी ठाऊक असणे हेही ज्ञानदानच होय.

झुरिचने जे जगाला दिले, ते अमरावती-अकोल्याने खेड्यापाड्यांना दिले पाहिजे. ज्ञानाचे ऋण फेडण्याचा हाच खरा मार्ग आहे.